अर्धासूतची अपघातवही

त्याच्या टेबलावरची आगगाडी दीड वर्ष स्टेशनात उभी होती. बिघाड काही नव्हता. इंजिन पितळी पत्र्याचं, त्याने स्वतः कापून, घासून, जोडून केलेलं. चाकाला टिचकी मारली तर ते गरगर फिरत राही आणि आवाज म्हणून करत नसे. रूळ रोज पुसलेले. वीज होती. फक्त बटण दाबायचं राहिलं होतं, आणि ते तो दाबत नव्हता.

कारखान्यात त्याला अर्धासूत म्हणत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कापलेला पत्रा फोरमनपुढे ठेवला की फोरमन म्हणे, ठीक आहे, चालेल. हा म्हणे, अर्धा सूत बाहेर आहे. मग तो पत्रा बाजूला टाकून दुसरा घेई. नाव असं चिकटलं की निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात त्याचं खरं नाव घेतलं, तेव्हा मागच्या बाकावरच्यांनी एकमेकांना विचारलं, हा कोण बुवा?

चौतीस वर्षं तो प्रेसवर होता. डब्यांची झाकणं निघत. एकाने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने पायपट्टी दाबायची, वरून दहा टनांचा ठोका. दाबणारा आधी विचारी, "हात बाजूला?" सरकवणारा दोन्ही हात वर करून म्हणे, "बाजूला." मग पाय. दिवसाला दोन हजार वेळा. हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. एका मिस्त्रीची तीन बोटं झाकणाबरोबर गेली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं आणि सुरू राहिलं. अर्धासूतच्या प्रेसवर चौतीस वर्षांत कोणाचं नखही गेलं नाही.

शेवटच्या वर्षी नव्या शेडमध्ये दोन बटणांचे प्रेस आले. बटणं हातभर अंतरावर, दोन हातांनी दोन्ही दाबली तरच ठोका पडायचा. हात बटणांवर म्हणजे साच्याखाली नाहीत, हिशेब साधा. एक माणूस पुरे. जोडीदार नको, विचारणं नको, उत्तर नको. जुन्या शेडमधले त्यांना मुके प्रेस म्हणत. अर्धासूत तिकडे कधी फिरकला नाही.

निवृत्त झाल्यावर त्याने मागच्या खोलीत आठ फूट बाय चार फुटांचं टेबल मांडलं आणि त्यावर आगगाडी करायला घेतली. लहानपणची हौस वगैरे काही नव्हती. हातांना काम हवं होतं आणि काम बारीक हवं होतं. रूळ, बोगदा, सिग्नल, फलाटावर बोटाच्या पेराएवढा हमाल. पहिल्यांदा गाडी सोडायची वेळ आली तेव्हा बोट बटणावर ठेवून तो सवयीने ओरडला, "हात बाजूला?"

बायको स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिने नवऱ्याच्या तोंडून या प्रश्नाच्या इतक्या गोष्टी ऐकल्या होत्या की मान न वळवता तिने उत्तर दिलं, "बाजूला."

गाडी सुटली. तेव्हापासून तोच रिवाज पडला. ती कधी चिडवायची. अहो, ही बारा व्होल्टची गाडी, हिने मुंगीसुद्धा दचकत नाही, आणि तुमचा थाट दहा टनांचा. तो म्हणायचा, सवय व्होल्ट मोजून लागत नाही. शेजारणीशी बोलत असली तरी बोलणं मध्येच तोडून ती "बाजूला" म्हणायची आणि मग पुढचं वाक्य पुरं करायची. सहा वर्षं.

दीड वर्षापूर्वी ती गेली. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी खाट रिकामी. महिन्याभराने तो टेबलापाशी बसला, गाडी रुळावर ठेवली, बोट बटणावर ठेवलं आणि विचारलं, "हात बाजूला?" स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. तो थांबला. बराच वेळ थांबला. उत्तर आल्याशिवाय दाबायचं नाही, ही चौतीस वर्षांची शिस्त. शेवटी उठला आणि नळाचा वॉशर बदलला.

काम मात्र त्याने सोडलं नाही. नवे डबे केले, लाकूडगोदाम केलं, फलाटाला छप्पर केलं. आणि करता करता नवे अपघात केले.

अपघातांची वही पहिल्या दिवसापासून होती. कारखान्यातली तशी. रकाने पाच: तारीख, काय झालं, कारण, उपाय, साक्षीदार. कारखान्यात एक नियम कडक होता. कारणाच्या रकान्यात नशीब लिहायचं नाही आणि नजरचूकही लिहायची नाही. नजर चुकली तर ती कुठे गेली होती ते लिहायचं. अर्धासूतने तो नियम घरीही ठेवला.

पहिली नोंद सोल्डरिंगच्या तापलेल्या गनची होती. ती टेबलावरून घसरली आणि त्याने चपळाईने झेलली. नेमकी टोकाकडून, जिथे ती सगळ्यात गरम असते तिथे. चपळाईचं कौतुक करायला बायको होतीच. कारण: पडणारी वस्तू झेलण्याची खोड. उपाय: पडतं ते पडू द्यावं, आपण पाय मागे घ्यावा. साक्षीदार: सौ.

दुसरी नोंद चाकूची. पातळ पात्याचा गोल मुठीचा चाकू गडगडत टेबलाच्या काठावरून खाली आला आणि चपलेच्या अंगठ्यात उभा राहिला. पायाच्या बोटाला सूतभरही लागला नाही, पण चप्पल जमिनीला खिळली आणि तो चालायला गेला तो तोंडावर. उपाय: गोल मुठीवर षटकोनी नट चढवणे, म्हणजे गडगडणार नाही. साक्षीदार: सौ. (हसली.)

डबा डब्याला जोडायच्या आकड्यात तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग असते. ती एकदा टिचकी मारल्यासारखी उडाली. तीन दिवस तो गुडघ्यांवर रांगून फरशी शोधत होता. बायकोने खोली दोनदा झाडली, केर चाळणीतून चाळला. चौथ्या दिवशी धुण्याला टाकलेल्या विजारीच्या दुमडीत सापडली, म्हणजे तीन दिवस ती त्याच्याबरोबरच रांगत होती. उपाय: स्प्रिंगचं काम पारदर्शक पिशवीत हात घालून करावं. उडाली तरी पिशवीत राहते. साक्षीदार: सौ. (शोधून दिली.)

बायको गेल्यानंतरच्या नोंदी जास्त होत्या आणि आखूड होत्या. शेवटच्या रकान्यात 'कोणी नाही'.

एक सोडून. तिचे साक्षीदार पुष्कळ होते. झटकन चिकटणाऱ्या गोंदाच्या नळीचं टोपण घट्ट बसलं होतं. पक्कड हाताशी होती, तरी त्याने टोपण दातांनी ओढलं. नळी पिचकली आणि डाव्या बाजूचे ओठ एकमेकांना चिकटले. तो आरशासमोर उभा राहून विचार करत असतानाच फोन वाजला. दर रविवारी अकराला मुलीचा फोन येई. ती पाच तासांच्या प्रवासावरच्या शहरात एका छापखान्यात कामाला होती. न उचलावा तर ती घाबरेल म्हणून त्याने उचलला आणि उरलेल्या अर्ध्या तोंडाने तो जे बोलला ते ऐकून ती जास्तच घाबरली. तिला वाटलं, बाबांना झटका आला, तोंड वाकडं झालं. तिने शेजारच्या शिवणवालीला फोन केला. शिवणवाली गळ्यात मोजपट्टी तशीच घेऊन धावत आली. मागोमाग स्ट्रेचर घेऊन दोघे आले. तो मान हलवून नाही नाही म्हणत राहिला आणि त्यांनी तेही आजाराचंच लक्षण धरलं.

डॉक्टरने कोमट साबणाच्या पाण्यात बोळा भिजवून पंधरा मिनिटांत ओठ सोडवले आणि विचारलं, वय काय तुमचं? अर्धासूतने सांगितलं. डॉक्टर म्हणाला, मग बरोबर.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती रडली नाही, ओरडली नाही. ती बापाचीच मुलगी होती, अट घालताना आवाज सपाट करायची. आजपासून वहीत एक जरी नोंद आली, तर ते टेबल निघेल. मी स्वतः येऊन काढेन आणि तुम्हाला माझ्याकडे घेऊन जाईन. तिचं घर सहाव्या मजल्यावर, दीड खोलीचं. त्याला दिवाणावर जागा झाली असती. टेबलाला नव्हती.

"आणि लपवायचं नाही," ती म्हणाली.

तो म्हणाला, "लपवायचं असतं तर वही कशाला ठेवली असती?"

महिनाअखेर ती येणार होती. तोवर तो फुंकून फुंकून काम करत राहिला. सोल्डर लावताना खिडकी उघडी, गन स्टँडमध्ये, चष्म्यावर दुसरा चष्मा. अठरा दिवस वही कोरी राहिली. शिवणवाली भिंतीपलीकडून विचारायची, "काका, ओठ जागेवर आहेत ना?" तो इकडून भिंतीवर दोनदा ठोकायचा. दिवसभरातलं त्याचं बोलणं तेवढंच. भाजीवाला मोजून घेऊन मोजून देई. बँकेतला माणूस मान वर करत नसे. फलाटावरचा हमाल त्याने घडवलेला होता, त्याच्याशी बोलणं बरं दिसलं नसतं.

एकोणिसाव्या दिवशी तो फलाटाचा दिवा करत होता. पितळी नळीला एका मिलिमीटरचं भोक पाडायचं होतं. नळी पकडायचा व्हाइस टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, चार पावलांवर. चौतीस वर्षं नव्या पोरांना त्याने हेच सांगितलं होतं, की वस्तू हातात धरून भोक पाडणारा आपल्याच हाताला भोक पाडतो. नळी डाव्या तळहातावर धरून त्याने हातड्रिल फिरवलं. टोक घसरलं, मोडलं आणि अंगठ्याच्या बुंध्यात घुसलं.

चिमट्याने तुकडा काढला. हात धुतला, पट्टी बांधली. धनुर्वाताची सुई घेऊन आला. मग वही उघडून बसला.

जखम गव्हाच्या दाण्याएवढी. तळहाताच्या आत. मुलगी यायला आठ दिवस होते. तोवर खपली धरून पडलीही असती. सुई देणारी परिचारिका त्याला ओळखत नव्हती. भिंतीपलीकडे शिवणयंत्र चालू होतं, तिथे काही ऐकू गेलं नव्हतं. कोणालाही, कधीही कळणार नव्हतं. न लिहिलं तर टेबल राहणार होतं, लिहिलं तर जाणार होतं.

तो उठला. चहाचा कप विसळला, पुसला, पालथा ठेवला. पुन्हा येऊन बसला. आधीच्या सगळ्या नोंदी चाळल्या. चाकू, स्प्रिंग, ओठ. सगळ्या खऱ्या. आता एक गाळली, तर त्या खऱ्या आहेत हे कोणाच्या भरवशावर सांगायचं? वही अर्धा सूत बाहेर गेली असती.

त्याने लिहिलं. काय झालं: ड्रिलचं टोक तळहातात. कारण: व्हाइस चार पावलांवर होता, गेलो नाही, आळस. उपाय: व्हाइस हाताशी आणला. साक्षीदार: कोणी नाही.

मुलगी शनिवारी सकाळी आली. छापखान्यातून दोन मोठी खोकी घडी करून आणली होती. चहा झाल्यावर तिने वही मागितली. पहिल्या पानापासून वाचायला लागली, एकदा हसली, मग हसायची थांबली. बोट शेवटच्या रकान्यावरून खाली खाली जात होतं. सौ., सौ., सौ. पान उलटलं. कोणी नाही. कोणी नाही. कोणी नाही. बोट शेवटच्या नोंदीवर थांबलं.

"ही लिहिली नसती तर मला कळलं नसतं."

"नसतं कळलं."

तिने वही मिटली. खोकी मात्र उघडली नाहीत. मागच्या खोलीत गेली, टेबलाभोवती फिरली, छपराच्या पत्र्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, काढायचं ते काढूच, त्याआधी एकदा गाडी चालवून दाखवा. आई गेल्यापासून मी बघितली नाही.

तो म्हणाला, मीही नाही.

तिला वाटलं बिघडली असेल. नाही म्हटल्यावर ती बघतच राहिली, आणि मग त्याला सांगावं लागलं. विचारतो, पण उत्तर येत नाही, म्हणून दाबत नाही. मोठ्याने सांगताना त्याला ते वेडगळ वाटलं. मुलीला वाटलं नसावं, कारण ती स्टुलावर बसली आणि कामाच्या माणसासारखं विचारू लागली.

"आई स्वयंपाकघरात असायची. तिला तुमचे हात दिसत होते का?"

"नाही."

"मग ती कशाच्या जोरावर सांगायची?"

त्याने यावर कधी विचार केला नव्हता. आता केला. "ती सांगेपर्यंत मी एकदा हातांकडे बघायचो," तो म्हणाला. "तिच्या उत्तराएवढा वेळ."

मग त्याने गाडीकडे पाहून, तिच्याकडे न पाहता, म्हटलं की आज तू आहेस.

"आज मी म्हणेन बाजूला," ती म्हणाली. "सोमवारी मी कामावर. मग?"

ती बोलत राहिली. आमच्याकडे कागद कापायचं मशीन आहे, पाचशे कागदांची थप्पी एका दमात कापतं. त्यावर मी एकटी असते. मला कोण विचारतं हात बाजूला का म्हणून? मला दोन बटणं आहेत.

"मुका प्रेस," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ते शिवीसारखं निघालं.

"त्या मुक्यावर मी बारा वर्षं उभी आहे, बाबा." तिने दोन्ही हात त्याच्यापुढे पसरले. "मोजा."

त्याने खरंच मोजली. दहा भरली. मुलगी बारा वर्षं कशावर काम करते हे त्याने कधी विचारलं नव्हतं. छापखान्यात, एवढंच तो लोकांना सांगायचा.

"एकट्याने काम करायचं तर एकट्याचं यंत्र लागतं," ती म्हणाली. "तुम्ही अजून दोघांच्या यंत्रावर बसलाय."

त्याने डाव्या तळहातावरची खपली उजव्या अंगठ्याने चाचपली.

रविवारी दुपारच्या गाडीने ती परत गेली. खोकी नेली नाहीत. दाराआड उभी केली आणि म्हणाली, राहू देत इथेच, पुढची नोंद आली की लागतील. आधी गाडीला दोन बटणं लावा, मग बाकीचं. आणि एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायचं नाही, आमच्याकडे तसं करणारीला घरी पाठवतात. अर्धासूतला राग आला. चिकटपट्टीची गोष्ट त्याला सांगावी लागावी, याचा.

अकरा दिवस लागले. दाराच्या घंटीची दोन बटणं आणली. टेबलाच्या कडेला दोन्हींमध्ये किती अंतर हवं ते ठरवायला स्वतःचे हात पसरून पाहिले. कोपराने एक आणि बोटाने दुसरं असं दाबता येता कामा नये. भोकं पाडली, फळी व्हाइसमध्ये धरून. मोजलं तर एक भोक अर्धा सूत बाहेर. कोणी पाहणारं नव्हतं. ती फळी टाकून दुसरी घेतली. तारा एकामागे एक जोडल्या, म्हणजे एक बटण सुटलं तरी वीज तुटावी. सोल्डर लावलं, ओढून पाहिलं. जुनं एका बोटाचं बटण काढलं, तेव्हा त्याच्याभोवतीचा रंग बोटाने झिजलेला दिसला. ते त्याने पुसून खिळ्यांच्या डब्यात ठेवलं.

बाराव्या दिवशी दुपारी चार वाजता त्याने गाडी रुळावर नीट बसवली, वेग आधीच लावून ठेवला आणि दोन्ही हात पसरून दोन्ही बटणांवर ठेवले. प्रश्न तोंडापर्यंत आला. त्याने डाव्या हाताकडे पाहिलं, उजव्या हाताकडे पाहिलं. दोन्ही बटणांवर होते. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी तो तेवढा वेळ थांबला, जेवढा ती घ्यायची.

मग दाबलं.

गाडी सुटली. सव्वीस सेकंदांत एक फेरी. बोगद्यात शिरताना आवाज बसायचा, बाहेर येताना मोकळा व्हायचा, हे तो विसरला होता. भिंतीपलीकडचं शिवणयंत्र थांबलं. शिवणवाली ऐकत असावी. त्याचे दोन्ही हात अडकलेले होते, त्यामुळे भिंतीवर ठोकता आलं नाही, डोळे पुसता आले नाहीत, काहीच करता आलं नाही. फक्त बघता आलं.

रविवारी अकराला फोन आला.

"चालली?" मुलीने विचारलं.

"चालली."

"किती फेऱ्या?"

"नऊ."

"नऊच? का थांबलात?"

"दहाव्याला नाक खाजलं," तो म्हणाला. "बोगद्यात थांबली."

मग तिने विचारलं, वहीत लिहिलं का. तो म्हणाला, हा अपघात नव्हे. याला यंत्र बरोबर चाललं असं म्हणतात.